टोप्या बाळच्या, दांडे माझे

माझी आत्या अळंब्या कुठून आणते, हे आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं. विचारलं की ती म्हणायची, "डोंगरावरून." डोंगर शहराच्या उत्तरेला अर्धं आकाश अडवून बसलेला आहे, तेव्हा हे उत्तर म्हणजे मासे कुठून आणले विचारल्यावर पाण्यातून म्हणण्यासारखं. अळंब्या गोळा करणारी माणसं सगळीच अशी. वाटेत दोघं समोरासमोर आले तर एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतील, मुलाबाळांची करतील, पण टोपलीवरचं फडकं दोघांपैकी एकही उचलणार नाही. आत्या तर परतताना मुद्दाम लांबचा रस्ता धरायची, म्हणजे ती डोंगराच्या कुठल्या बाजूनं उतरली हे कोणाला कळू नये. बारा वर्षांची असताना मी एकदा तिच्या मागोमाग गेले होते. तिनं मला दीड तास फिरवलं आणि शेवटी आमच्याच दारात आणून सोडलं. "दमलीस? पाणी पी," एवढंच म्हणाली.

तिची नोकरी मात्र चष्म्याच्या दुकानात. मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम तिनं छत्तीस वर्षं केलं. पुढे मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलणार आणि मागे आत्या फिरत्या चाकावर काच धरून तिची कड फ्रेमच्या मापाला आणणार. चाकावर पाणी ठिबकतंय, पांढरा गाळ मनगटापर्यंत उडतोय आणि ती दर दोन मिनिटांनी काच खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटून बघतेय, असं तिचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. सगळ्या गल्लीच्या नाकावर तिनं घासलेल्या काचा होत्या आणि ती स्वतः पासष्टीपर्यंत बिनचष्म्याची. त्याचा तिला कोण तोरा! स्वभाव तिखट. मालकसुद्धा तिच्या खोलीत शिरायच्या आधी दाराबाहेर खोकायचा.

तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा. बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत, बस डेपोतून निवृत्त झालेत, डोक्यावर औषधालाही केस नाही आणि आत्या त्यांना बाळ म्हणते. घरात, दुकानात, डॉक्टरांसमोर, कुठेही. "बाळला उन्हात बसवू नका हं," असं तिनं एकदा डेपोच्या मॅनेजरला सांगितलं होतं. आत्या आमच्या घरी राहते असं लोक म्हणतात. खरं तर माझी आई होती तेव्हापासून आम्हीच आत्याच्या घरी राहतो.

त्यांची आई गेली तेव्हा आत्या पंधराची होती आणि बाबा सात वर्षांचे. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, डोंगराच्या पायथ्याशी खनिज वितळवून जस्त काढायचा कारखाना होता, तिथं भट्टीवर कामाला. कारखान्याची उंच चिमणी होती. तिचा धूर वाऱ्याबरोबर डोंगराकडे जायचा आणि शहरावर येत नाही म्हणून शहर खूश असायचं. आजोबांचा पगार घरापर्यंत पुरता पोचायचा नाही, वाटेत त्याला बाटली भेटायची. मग आत्या शाळेतून आली की फडकं घेऊन डोंगर चढायची. कुठली अळंबी खायची आणि कुठलीला हात लावायचा नाही, एवढं आईनं जाता जाता शिकवून ठेवलं होतं. घरी आल्यावर ती प्रत्येक अळंबीची टोपी आणि दांडा वेगळा करायची. टोप्या कांद्याबरोबर परतून बाळच्या ताटात, दांडे स्वतःच्या. टोपी मऊ आणि मांसल असते, तव्यावर पडली की रस सोडते. दांडा चिवट, दोरीसारखा.

"मला दांडेच आवडतात," ती म्हणायची. "दाताखाली काहीतरी लागायला हवं."

ही थाप बाबांनी सातव्या वर्षी खरी मानली आणि पुढे कधी तपासून पाहिली नाही. कारखाना बंद पडला, चिमणी पाडली, डोंगरावर झाडं वाढली, हातात पैसे आले, पण ताटातली वाटणी तीच राहिली. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तिनं एकदा सगळं एकत्र परतलं होतं. आत्यानं शांतपणे चमच्यानं टोप्या वेचून बाबांच्या ताटात टाकल्या आणि आई पुन्हा त्या वाटेला गेली नाही. मला अळंबी लहानपणापासून आवडत नाही, त्यामुळे मी या वाटणीत कधी आलेच नाही.

मी अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत नमुने तयार करते. वाळवायचं, कुटायचं, आम्लात विरघळवायचं आणि यंत्राला द्यायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांच्या मनात आलं, लोक डोंगरावरच्या अळंब्या खातात, तर त्यांत जड धातू किती उतरतात ते बघावं. अळंबीची ही एक खोडच आहे. जमिनीखाली तिचे धागे लांबवर पसरलेले असतात आणि ते मातीतलं कॅडमियम, शिसं ओढून घेत बसतात. माती तपासावी तर बरी निघते आणि त्याच मातीतल्या अळंबीत मात्र मातीच्या कितीतरी पट साठलेलं असतं. विषारी अळंबी आत्यासारखीला वासावरून कळते. हे कळत नाही. अळंबी पांढरीशुभ्र दिसते, चवीला छान लागते, धुऊन काही जात नाही आणि शिजवूनही जात नाही.

आम्ही नमुने आणून द्या म्हणून गावभर कागद चिकटवले. तीन आठवड्यांत एक माणूस आला, तोसुद्धा चुकून, त्याला शेजारच्या ऑफिसात जायचं होतं. आमच्या फॉर्मवर 'ठिकाण' असा एक रकाना होता ना! तो बघून कोण येणार? शेवटी मी घरातच हात पसरला.

"माझ्या अळंब्यांना तुझं सर्टिफिकेट नको," आत्या म्हणाली.

"नको तर नको. मी साहेबांना सांगते, आत्याला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना माझ्या डब्याशेजारी हजर.

मी तिला बजावून सांगितलं होतं, अख्ख्या अळंब्या हव्यात, माती झटकून, कागदी पिशवीत. तिनं दिल्या दोन पिशव्या. चष्म्याच्या दुकानातल्या, छोट्या. एकीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं 'बाळ', दुसरीवर 'मी'. एकीत टोप्या, दुसरीत दांडे. सवयीनं तिचे हात आपोआप चालले होते आणि चूक झाली हे तिच्या गावीही नव्हतं. मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे अळंबी वरपासून खालपर्यंत उभी चिरतात, म्हणजे अर्ध्या भागात टोपीही येते आणि दांडाही. त्यासाठी सुरीदेखील चिनी मातीची, लोखंडाचा कण मिसळायला नको म्हणून. पण साहेबांना दोन पिशव्या बघून आनंदच झाला. "हे तर झकास! वेगवेगळं कळेल," म्हणाले. त्यांनीच नोंद केली. नमुना एक अ, बाळ. एक ब, मी. ठिकाण, डोंगर.

गुरुवारी दुपारी आकडे आले. दांड्यांतलं कॅडमियम मर्यादेच्या वर होतं. टोप्यांतलं दांड्यांच्या चौपट. मी यंत्र स्वच्छ करून पुन्हा लावलं, उरलेल्या भुकटीतून नवा नमुना केला, पुन्हा तेच.

कॅडमियम शरीरात शिरलं की मूत्रपिंडात जाऊन ठाण मांडतं आणि वीसवीस, तीसतीस वर्षं हलत नाही. आणि बाबांच्या मूत्रपिंडांची कुरकुर आदल्याच वर्षी सुरू झाली होती. फार नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, सहा महिन्यांनी या म्हणाले. "वयाप्रमाणे होतं असं, नेमकं एक कारण सांगता येत नाही." तेव्हापासून मिठाची बरणी आत्याच्या ताब्यात होती आणि बाबांना चिमूटभर मीठ हवं असलं तर अर्ज करावा लागे.

बाबांची काळजी मला वाटलीच. पण खरं सांगते, त्याहून जास्त वाटली ती आत्याची. या बाईनं लग्न केलं नाही, घर सोडून कुठं गेली नाही, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आयुष्यात एकच गोष्ट तिनं छातीठोकपणे सांगितली होती, की माझ्या बाळला मी चांगलंचुंगलं खाऊ घालून वाढवलं. तेवढं एक तिच्याकडून काढून घेतलं तर तिच्याजवळ काय उरणार होतं? आणि ते काढून घेणारा कागद माझ्या हातात होता. मी ठरवलं, अर्धंच सांगायचं. डोंगर खराब आहे म्हणायचं, टोपीचं नावही काढायचं नाही.

संध्याकाळी ती ओट्याशी कांदा चिरत होती.

"आत्या, तुझा डोंगर खराब निघाला. कारखान्याच्या धुरातलं कॅडमियम अजून मातीत आहे. आता तिथलं काही आणू नकोस."

"किती निघालं?"

"जास्त."

"जास्त म्हणजे किती? नंबर सांग."

चष्मेवाल्या बाईला जास्त-कमी चालत नाही. मी दांड्यांचा आकडा सांगितला.

"हा कुठल्या पिशवीचा?"

"दोन्हींचा. म्हणजे... सरासरी."

आत्यानं सुरी खाली ठेवली. "डाव्या नि उजव्या डोळ्याची सरासरी काढून चष्मा करतात का गं? मी दोन पिशव्या दिल्या होत्या. दोन नंबर सांग."

या बाईनं छत्तीस वर्षं केसाएवढा फरक उजेडात धरून पकडला होता आणि मी तिच्यापुढे सरासरी घेऊन गेले होते. मी दोन्ही आकडे सांगितले. कुठली पिशवी कुठली, तेही सांगितलं.

तिनं गॅस बंद केला. हात धुतले, पुसले, फडकं नीट घडी करून खिळ्याला अडकवलं.

"आणि ते जाऊन कुठं बसतं?"

"मूत्रपिंडात. पण आत्या, डॉक्टर म्हणालेत, कारण सांगता येत नाही. हे त्यामुळेच झालं असं कोणीही म्हणू शकत नाही."

"त्यामुळे झालं नाही, असं म्हणू शकतं का कोणी?"

ती खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. राहिलेला कांदा मी चिरला.

पुढचे दहा दिवस घरात आत्या होती आणि नव्हती. माळ्यावर दोऱ्यात ओवून वाळवलेल्या अळंब्यांच्या माळा तिनं उतरवल्या आणि माझ्या हवाली केल्या, "तुमच्याकडे जसं फेकतात तसं फेक," म्हणून. स्वयंपाक करायची, बाबांना वाढायची आणि स्वतःचं ताट घेऊन आत जायची. बाबांकडे बघायची नाही. मिठाच्या बरणीवरचा ताबासुद्धा तिनं सोडला, तेव्हा मी खरी घाबरले.

एके दिवशी ती न सांगता प्रयोगशाळेत आली. पायात डोंगरावर जायचे बूट, आणि चष्म्याच्या नंबराच्या जुन्या कार्डामागे काढलेला नकाशा. तिच्या जागांचा! ओढा, दोन मोठे खडक, पडलेलं झाड, तिथून किती पावलं, सगळं. बावन्न वर्षांत जे तिनं कोणाला सांगितलं नाही ते तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"इथं पाटी लावा," ती म्हणाली. "आणि खालच्या वाटेवर आणखी एक. तिथून एकजण येते, तिला चष्मा लागतो पण ती घालत नाही. अक्षर मोठं काढा."

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. आत्यानं त्यांना बसायला सांगितलं आणि ती निघून गेली.

त्या संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत गाठलं. "ताईला काय झालंय? माझं काही चुकलं का?" मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ऐकताना त्यांचा हात नकळत कमरेवर गेला. मग तो त्यांनी काढून घेतला. "अच्छा," म्हणाले. बस.

रविवारी दुपारी आत्या नेहमीप्रमाणे ताट घेऊन आत निघाली, तर बाबा दारात आडवे उभे.

"ताई, बस. मला एक कबूल करायचंय."

आत्या बसली, पण बघत होती ताटाकडे.

"मी टोप्या कधी खाल्ल्याच नाहीत."

आत्यानं मान वर केली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"आवडायच्याच नाहीत मला," बाबा म्हणाले. "बुळबुळीत लागायच्या. तुझी पाठ वळली की मी टेबलाखाली मांजराला घालायचो."

"कुठल्या मांजराला?"

"आपल्या."

"आपल्याकडे मांजर कधी होतं?"

"शेजाऱ्यांचं यायचं."

"शेजाऱ्यांकडे पोपट होता."

बाबांनी आयुष्यभर खोटं बोलायचा सराव केला नव्हता, ते आता आडवं आलं. टकलावरून हात फिरवत ते म्हणाले, "मग त्यालाच."

आत्याला हसू फुटलं आणि फुटता फुटता त्याचं रडू झालं. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. "खोटारड्या," ती म्हणाली. "पावानं ताट पुसायचास तू. बोटं चाटायचास. पोपट म्हणे!"

"हो, पुसायचो," बाबा म्हणाले. "दुसरं काही नसायचं ना घरात. आणि जे असायचं त्यातलं चांगलं ते तू मला द्यायचीस. त्या टोप्यांवर जगलो मी, ताई. त्या मिळाल्या नसत्या तर मूत्रपिंड बिघडायला मी इथवर आलोच नसतो."

"विष वाढलं रे मी तुला. निवडून निवडून वाढलं."

"तू जेवण वाढलंस. आपले बाबा रोज त्या भट्टीवर उभे राहायचे, त्यांनाही कुठं ठाऊक होतं? मग तुला, पंधरा वर्षांच्या पोरीला, कोण सांगणार होतं?"

आत्या पदरानं डोळे पुसत राहिली. बाबांनी तिचं ताट स्वतःच्या ताटाशेजारी ओढून घेतलं आणि मग जरा घुटमळून विचारलं, "एक सांग. तुला दांडे खरंच आवडतात?"

"गप जेव," आत्या म्हणाली.

पण ती तिथंच बसून जेवली. आणि मिठाची बरणी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या ताब्यात गेली.

त्या वर्षी घरात अळंबी आली ती बाजारातली, डब्यातली. "भिजवलेला कापूस," असा निकाल देऊन आत्यानं तो विषय संपवला. बाबांच्या सहामाही तपासणीत आकडे होते तिथंच राहिले, आणि डॉक्टर म्हणाले की जागच्या जागी राहणं हीच चांगली बातमी. ती आत्यानं डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतली आणि आकडा कागदावर लिहून मागितला.

यंदा ती पुन्हा निघाली. डोंगराकडे पाठ करून, दोन बस बदलून, नदीच्या वरच्या अंगाला कुठंतरी. कुठं ते तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, न विचारता. आधी नुसता नमुना आणला, अख्खा, एकाच पिशवीत आणि पिशवीवर काहीही न लिहिता. आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी कधीमधी थोडी खायला हरकत नाही म्हटलं. मग ती पुन्हा गेली आणि मोजून आठ अळंब्या घेऊन आली.

प्रयोगशाळेतली एक चिनी मातीची सुरी, टोक उडालं म्हणून बाद केलेली, मी तिला आणून दिली होती. तिनं ती काढली. पहिली अळंबी पाटावर आडवी धरली आणि सवयीनं तिचा हात टोपीच्या खाली, दांड्याच्या वळणावर गेला. तिथं तो क्षणभर थांबला. मग तिनं अळंबी फिरवली आणि वरपासून खालपर्यंत उभी चिरली. दोन्ही अर्धे खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, ते सारखे आहेत का ते पाहिलं. आठही तशाच चिरल्या. परतल्या. आठ अर्धे बाळच्या ताटात, आठ अर्धे तिच्या.

बाबांनी खायला सुरुवात केली नाही. ते तिच्याकडे बघत होते, मीही बघत होते. आत्यानं एक अर्धा उचलला, टोपीकडून तोंडात घातला आणि सावकाश चावला. तिचं चावणं थांबलं.

"अगं," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ही तर किती मऊ लागते!"

बाबांनी ताट बाजूला सरकवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय रे बाळ?" आत्या म्हणाली. "खा की. गार होतंय."